यायची एसटी, नसलेली एसटी, गेलेली एसटी

माझी आत्या वाईला राहते. 34 वर्षं तिनं तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवलं. मी पुण्यात संध्याकाळी इंग्रजी बोलायला शिकवते. माझ्याकडे नर्सिंग झालेल्या मुली येतात, दुकानात काम करणारी पोरं येतात, बाहेरगावाहून आलेले इंजिनिअरही येतात. काम एकच, पण आम्हा दोघींची रीत अगदी उलटी. आत्या आधी नियम सांगते, मग वाक्य देते. मी आधी वाक्य बोलायला लावते आणि नियम जमेल तितका लांब ठेवते. दिवाळीच्या सुट्टीत वाईला गेले होते, तेव्हा इंग्रजीतल्या 'इफ'च्या वाक्यांवरून आमचं बोलणं सुरू झालं आणि दिवेलागणीपर्यंत चाललं. परत आल्यावर मी माझ्या वर्गातला तो धडा बदलला. म्हणून ते बोलणं आठवेल तसं इथे लिहून ठेवते आहे.

मी : आत्या, यंदापासून मी तो तक्ता बंद करणार आहे. 'इफ'चा. झिरो कंडिशनल, फर्स्ट, सेकंड, थर्ड. मुलांना तो पाठ होतो आणि तोंड उघडलं की सगळा घोळ होतो.

आत्या : काय घोळ झाला ते तरी सांग.

मी : वर्गात एक मुलगी आहे. नर्सिंग झालेली, हुशार. मुलाखतीत तिला विचारलं, रात्रपाळीला तू एकटी आहेस आणि पेशंटचं बीपी एकदम उतरलं, तर काय करशील? काय करायचं हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण तिनं सुरुवात केली, 'आय वुड हॅव कॉल्ड द डॉक्टर.' पुढेही प्रत्येक वाक्यात 'वुड हॅव'. समोरच्या बाईंनी विचारलं, 'मग का नाही बोलावलंस?' पोरगी गोंधळली. आपलं काय चुकलं ते तिला कळेना, आणि त्यानंतर ती बोललीच नाही.

आत्या : बाईंचा प्रश्न रास्त होता. तिच्या वाक्याचा अर्थच तो. डॉक्टरांना बोलावलं असतं, म्हणजे बोलावलं नाही.

मी : हो, पण तिला तसं म्हणायचं नव्हतं. मी नंतर विचारलं, 'वुड हॅव' कुठून आणलंस? म्हणाली, तक्त्यातला शेवटचा रकाना सगळ्यात लांब आहे, तेव्हा तेच चांगलं इंग्रजी असणार. मुलाखतीला चांगलं इंग्रजी बोलायचं म्हणून तिनं तो रकाना निवडला. सांग, तक्त्याचा उपयोग काय झाला?

आत्या : तक्ता तिला कुणी समजावलाच नाही. 'हॅड', मग तिसरं रूप, मग 'वुड हॅव', मग पुन्हा तिसरं रूप, असं पाठ करून घेतलं असणार. कुठला रकाना कधी उघडायचा ते राहूनच गेलं. नुसती बेरजेची रीत पाठ करून बाजारात गेलं तर हिशेब कुठे जमतो?

मी : मी तर म्हणते, रीत नकोच. इंग्लंडमधल्या पाच वर्षांच्या पोराला सेकंड कंडिशनल म्हणजे काय ते विचार. नाव ऐकलेलं नसतं, वाक्य मात्र बरोबर बोलतं. कानावर पडत राहिलं की येतं.

आत्या : त्या पोराच्या कानावर दिवसभर इंग्रजी पडतं. आई रागावते इंग्रजीत, आजी गोष्ट सांगते इंग्रजीत. आपल्या पोरांच्या कानावर किती पडतं? मी नोकरीला लागले तेव्हा मराठी शाळेत एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची. 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, पण घरी कोण बोलतं? कानाच्या जोरावर शिकायचं तर कानाला तेवढा खुराक हवा. तो नाही, म्हणून नियम. ज्याला वेळ नाही त्याची ती जवळची वाट आहे.

मी : जवळच्या वाटेनं गेलेली माझी पोरगी भलतीकडेच पोचली.

आत्या : कारण वाट दाखवणाऱ्यानं गाव विचारलं नाही. बरं, तुझा कानावर एवढा विश्वास आहे तर हे ऐक. 'इफ आय्ड नोन, आय्ड हॅव कम.' यात 'आय्ड' दोनदा आलं. दोन्ही एकच आहेत का?

मी : नाही. पहिलं 'आय हॅड', दुसरं 'आय वुड'.

आत्या : कानाला फरक कळला?

मी : कानाला नाही. मला माहीत आहे म्हणून कळला.

आत्या : तेच म्हणते. आणि 'वुड हॅव' घाईत बोललं की 'वुडव' ऐकू येतं. जन्मापासून इंग्रजी बोलणारी माणसंसुद्धा त्यामुळे 'वुड ऑफ' असं चुकीचं लिहितात. कान फसतो, पोरी. कानामागे समज उभी नसली तर तो हमखास फसतो.

हे मला मान्य करावं लागलं. मी स्वतः मुलांच्या वह्यांत 'इफ आय वुड नो' अशी वाक्यं ढिगानं पाहिलेली आहेत. 'आय्ड' ऐकायचं आणि त्यात सगळीकडे 'वुड' भरायचं, ही चूक कानातूनच येते. पण माझी मोठी तक्रार वेगळीच होती.

मी : ठीक आहे, नियम सांगू. पण तुझ्यासारखं मराठीतून नाही. माझ्या वर्गाचा नियम आहे, आत मराठी बोलायचं नाही. मराठीत विचार करून इंग्रजीत वाक्य बांधलं की चूक ठरलेली.

आत्या : एक वाक्य सांग, जिथे मराठीनं घात केला.

मी : 'उद्या पाऊस पडला तर मी येणार नाही.' पोरं लिहितात, 'इफ इट रेन्ड टुमारो, आय विल नॉट कम.' मराठीत 'पडला' आहे म्हणून 'रेन्ड'. इंग्रजीला तिथे 'रेन्स' हवं. 'रेन्ड' म्हटलं की पाऊस पडायची शक्यता फारशी नाही, असा सूर लागतो.

आत्या : छान उदाहरण दिलंस. आता 'उद्या पाऊस पडला तर' यातला 'पडला' नीट बघ. उद्या म्हणजे पुढचा दिवस, आणि क्रियापद भूतकाळाचं. आपण हे रोज बोलतो आणि कुणाला खटकत नाही. म्हणजे मराठी पोराला एक गोष्ट जन्मापासून ठाऊक आहे, 'तर'च्या आधी आलेल्या क्रियापदाचा काळ घड्याळाचा काळ नसतो. 'मी तिकडे गेले तर बघते', यातली 'गेले' अजून घराबाहेरही पडलेली नाही.

मी : मी हे असं कधी बघितलंच नव्हतं.

आत्या : मग हेच धरून पुढे जा. इंग्रजीत 'इफ आय हॅड मनी' म्हणतात. पोरं विचारतात, बाई, आत्ताची गोष्ट आहे, मग 'हॅड' का? त्यांना सांगायचं, अरे, तुझ्या 'पडला'सारखंच हे. 'हॅड' इथे काल सांगत नाही, लांब असणं सांगतो. पैसे माझ्यापासून लांब आहेत. भूतकाळाचं रूप इंग्रजीनं अंतर दाखवायला वापरलं. आपण तेच रूप 'अजून व्हायचं आहे' हे दाखवायला वापरलं. साधन एक, काम वेगळं. हे एकदा मराठीत बोलून घे, मग वर्गात खुशाल मराठी बंद कर.

मी : पण मराठीत पुढे आणखी गोम आहे. 'माझ्याकडे पैसे असते तर मी घर घेतलं असतं.' याचं इंग्रजी काय करशील?

आत्या : कधीचं बोलते आहेस?

मी : बघ, तुलाही विचारावं लागलं! आत्ताबद्दल असेल तर 'इफ आय हॅड मनी, आय वुड बाय अ हाउस.' दहा वर्षांपूर्वीच्या संधीबद्दल असेल तर 'इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव बॉट अ हाउस.' मराठीत दोन्हींना एकच वाक्य चालतं. 'असते' म्हटलं की झालं. इंग्रजी मात्र विचारतं, बाई, नक्की ठरव. आज नाहीत म्हणतेस की तेव्हा नव्हते म्हणतेस? मराठीत विचार करणाऱ्याला हा प्रश्नच पडत नाही. म्हणून तो अडखळतो.

आत्या : खरं आहे. मराठी तिथे गप्प बसते. आणि मराठीच नाही. संस्कृतात या अर्थासाठी एक लकारच राखून ठेवला आहे, लृङ्. पाणिनीनं त्यासाठी शब्द वापरला आहे क्रियातिपत्ति, म्हणजे क्रिया पार न पडणं. झालेल्या गोष्टीबद्दल आणि पुढच्या गोष्टीबद्दल, दोन्हीकडे तो एकच चालतो. मराठी व्याकरणात त्याला संकेतार्थ म्हणतात. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 सालचं. माझ्या कपाटात आहे, जाताना घेऊन जा. आपल्या भाषांना 'घडलं नाही' एवढं सांगून पुरतं. कधी घडलं नाही ते आजूबाजूच्या बोलण्यातून कळतं.

मी : मग इंग्रजीच्या 'कधी'साठी मराठीची मदत काय होणार?

आत्या : मराठी कुठे गप्प बसते ते पोरांना दाखवायचं. खड्डा कुठे आहे ते माहीत असलेला माणूस पडत नाही. मी त्यांना एसटी स्टँडवर न्यायची.

मी : म्हणजे सहलीला?

आत्या : मनातल्या मनात. 'एसटी मिळाली तर सहाला पोचेन.' एसटी यायची आहे, मी फलाटावर उभी आहे. 'इफ आय कॅच द बस, आय विल रीच बाय सिक्स.' ही पहिली. 'आमच्या वाडीला एसटी असती तर पोरी शाळेत गेल्या असत्या.' त्या वाडीला एसटी जातच नाही. आजही नाही. 'इफ देअर वर अ बस टू अवर व्हिलेज, द गर्ल्स वुड गो टू स्कूल.' ही दुसरी. 'एसटी मिळाली असती तर परीक्षा बुडली नसती.' एसटी होती, पण गेली, धुरळाही खाली बसला. 'इफ आय हॅड कॉट द बस, आय वुड नॉट हॅव मिस्ड द एक्झाम.' ही तिसरी. यायची एसटी, नसलेली एसटी, गेलेली एसटी. तोंड उघडायच्या आधी स्वतःला विचारायचं, माझी एसटी यातली कुठली?

माझ्या डोळ्यांसमोर ती मुलाखतीतली मुलगी आली. रात्रपाळीतला तो पेशंट म्हणजे यायची एसटी होती. तिनं गेलेल्या एसटीचं वाक्य बोललं. ती गप्प का झाली ते मला तेव्हा पुरतं कळलं. आपलं वाक्य कुठल्या एसटीबद्दल आहे हे तिला कधी कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

मी : आणि झिरो कंडिशनल? बर्फ उन्हात ठेवला तर वितळतो, ते?

आत्या : तू 'तर' म्हणालीस, पण घरात बोलताना काय म्हणशील? 'बर्फ उन्हात ठेवला की वितळतो.' 'त्याला दूध प्यायलं की त्रास होतो.' जिथे मराठीत 'की' सहज बसतं, तिथे इंग्रजीत दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ. 'की' ओळखलं की झिरो आलं. पोरांना हे पाच मिनिटांत कळतं.

मी : हे मला आवडलं. आता माझं एक निरीक्षण ऐक. आपण 'जर' गाळतो आणि 'तर' ठेवतो. 'पाऊस पडला तर' म्हणतो, 'जर'ची गरज पडत नाही. इंग्रजीत उलटं, 'इफ' सोडता येत नाही, 'देन' मात्र सहसा नसतं. म्हणून मुलं 'तर'ची जागा भरायला प्रत्येक वाक्यात 'देन' घालतात. शिवाय आपला 'तर' येतो शेवटी. 'उद्या पाऊस पडला' इथपर्यंत ऐकणाऱ्याला अट आहे हे ठाऊकच नसतं. इंग्रजी 'इफ' पहिल्याच शब्दाला दवंडी पिटतो. 'इफ'चा तुकडा आधी आला तर स्वल्पविराम द्यायचा आणि मागे आला तर नाही, हे त्यामुळेच लक्षात ठेवायला सोपं जातं.

आत्या : हे तू वर्गात मराठी बंद करून शोधलंस?

मी : नाही. मुलांची मराठी ऐकून शोधलं.

ती हसली नाही. पाटावरच्या शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, आता तुझ्या शाळेतल्या निबंधाच्या वह्या आठव.

मी : कल्पनाप्रधान निबंध! 'मी मुख्यमंत्री झाले तर', 'मी पक्षी असते तर', 'परीक्षा नसत्या तर'. सहामाहीला यातला एक हमखास यायचा.

आत्या : 'मुख्यमंत्री झाले तर' आणि 'पक्षी असते तर'. रूपं वेगळी का?

मी : कारण मुख्यमंत्री मी होऊ शकते. पक्षी होऊ शकत नाही.

आत्या : सातवीतल्या पोराला हा फरक कुणी शिकवला?

मी : कुणीच नाही. त्याला तो येतो. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारातलं अंतर त्याच्या भाषेत आधीच आहे.

आत्या : आता त्याच शाळेत इंग्रजीचा निबंध काय असतो?

मी : 'इफ आय वर द प्राइम मिनिस्टर.' अगं, हे तर... मराठीच्या पेपरात 'झालो तर' आणि इंग्रजीच्या पेपरात 'वर'. मराठीत एसटी यायची आहे आणि इंग्रजीत ती नाहीच! एकच पोरगं, एकच बाक.

आत्या : म्हणूनच मी शिकवायची की यातलं अंतर नेहमी वस्तुस्थितीच ठरवत नाही, बोलणाराही ठरवतो. निवडणुकीला उभा राहिलेला माणूस म्हणतो, 'इफ आय विन, आय विल बिल्ड द रोड.' पारावर बसलेला म्हणतो, 'इफ आय वर इन हिज प्लेस, आय वुड बिल्ड द रोड.' रस्ता तोच. उमेदवारानं 'वुड' म्हटलं तर त्याला मत कोण देईल? किपलिंगची 'इफ' नावाची कविता आहे, 1910 साली पुस्तकात आली. 32 ओळींचं जवळजवळ एकच वाक्य, अटीमागून अट, आणि शेवटी बाप मुलाला सांगतो ते 'विल' लावून. तिथे 'वुड' असतं तर तो आशीर्वाद राहिला नसता.

मी : 'वर'वरून आठवलं. 'इफ आय वॉज' म्हटलं तर?

आत्या : बोलताना पुष्कळ लोक म्हणतात. लिहिताना आणि परीक्षेत 'वर' लिहायला सांग. मुलाखतीतही 'वर'च बरं.

इथवर मी आत्याकडे सरकत चालले होते. पण एक गोष्ट मला पटत नव्हती आणि ती मी सोडणार नव्हते.

मी : आत्या, तीन एसट्या पटल्या. पण माणसं तीनच प्रकारांत बोलत नाहीत. 'तेव्हा अभ्यास केला असता तर आज नोकरी असती.' अर्ध वाक्य कालचं, अर्ध आजचं. 'इफ आय हॅड स्टडीड देन, आय वुड हॅव अ जॉब नाऊ.' तुझ्या तक्त्यात हे कुठे बसतं? आणि 'इफ यू विल वेट अ मिनिट' म्हणून कुणी नम्रपणे थांबायला सांगतं. तक्ता तर म्हणतो, 'इफ'नंतर 'विल' नको. 'इफ'शिवाय 'हॅड आय नोन' म्हणतात, 'शुड यू नीड एनिथिंग' म्हणतात. मग तक्ता खरा की माणसं?

आत्या : माणसं. यात वाद नाही.

मी : मग तू 34 वर्षं तक्ता का लिहिलास फळ्यावर?

आत्या : तो परीक्षेत यायचा म्हणून. आणि, खरं सांगू का, तपासायला सोपा म्हणून. 60 पोरांच्या वह्या असायच्या. रकाना जुळला की बरोबरची खूण, नाही जुळला की फुली. मी पोरांकडून शेकडो वाक्यं लिहून घेतली. 'इफ ही वर्क्स हार्ड, ही विल पास.' 'इफ ही वर्क्ड हार्ड, ही वुड पास.' 'इफ ही हॅड वर्क्ड हार्ड, ही वुड हॅव पास्ड.' कोण हा 'ही'? त्याचं नाव काय, गाव काय? कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यानं अभ्यास केला काय, नाही काय, पोरांना सोयरसुतक नव्हतं. एसटी स्टँड मी तोंडी सांगायची, पण लिहून मात्र घ्यायची त्या 'ही'ची वाक्यं. तिथे मी कमी पडले.

हे ती फार सरळपणे बोलली. शेंगांची टरफलं सुपात गोळा केली आणि सूप बाजूला ठेवलं.

मी : माझ्या वर्गात मी तेच करते, आत्या. 'ही' नको, तू स्वतः बोल. काल काय झालं ते सांग, उद्या काय करशील ते सांग. पण मीही कमी पडते. मुलं बोलतात, मोकळी होतात, पण चूक तीच राहते. सहा महिन्यांनीही 'अनलेस यू डोन्ट कम' म्हणतात. 'अनलेस'मध्येच 'नाही' आहे, हे दहादा सांगितलं. मराठीत 'तू येत नाहीस तोवर' म्हणतो ना आपण, ते डोक्यातून जात नाही.

आत्या : त्यांना 'तू आल्याशिवाय' म्हणायला लाव. 'आल्याशिवाय'मध्ये 'नाही' वेगळं येत नाही. मग 'अनलेस यू कम' आपोआप येतं. जिथे मराठीचं एक वाक्य अडवतं, तिथे मराठीचंच दुसरं वाक्य वाट काढून देतं.

मी : आणि म्हणी? माझ्या डोक्यात आत्ता आल्या. 'असतील शितं तर जमतील भुतं.' 'खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी.'

आत्या : 'आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं.' वर्गात तीन म्हणी दे आणि विचार, यातली एसटी कुठली? पहिली नेहमीच खरी, तिथे 'की' बसतं, 'शितं असली की भुतं जमतात'. दुसरीत माणूस आपला हट्ट सांगतो, पुढचं सांगतो, तिथे 'विल'. तिसरीत मिशा नाहीत, कधी येणारही नाहीत, तिथे 'हॅड' आणि 'वुड'. आपल्या आजीला हे तिन्ही प्रकार येत होते. तिला फक्त इंग्रजी येत नव्हतं.

मी : तरी माझा हट्ट राहतोच. सराव खऱ्या प्रसंगावर हवा. म्हणी ओळखायला चांगल्या, बोलायला स्वतःचंच आयुष्य पाहिजे.

आत्या : आणि माझा हट्ट हा, की एकच प्रसंग तिन्ही एसट्यांतून न्यायचा. वेगवेगळी वाक्यं घेतली की पोर प्रसंग बदलला म्हणून गोंधळतं की रूप बदललं म्हणून, ते कळत नाही. प्रसंग एकच धर, रूप बदल. मग अर्थ कुठे हलला ते त्याला दिसतं.

मी : मग दोन्ही एकत्र करू. प्रसंग त्यांचा, फेरे तुझे.

आत्या : त्या पोरीचा नंबर आहे ना तुझ्याकडे? लाव फोन.

मी फोन लावला. मुलगी वसतिगृहात होती. मी तिला मराठीत तीन एसट्या सांगितल्या, आणि माझ्या वर्गात असं पहिल्यांदाच होत होतं. मग फोन आत्याकडे दिला. आत्यानं इंग्रजीत पहिला प्रश्न विचारला, रात्री पेशंटचं बीपी उतरलं तर काय करशील? पलीकडे क्षणभर शांतता. मग मराठीत पुटपुट, 'यायची आहे.' आणि लगेच, 'इफ द बीपी फॉल्स, आय विल कॉल द डॉक्टर.' दुसरा प्रश्न, वॉर्डात आणखी एक नर्स असती तर? तिच्या वॉर्डात रात्री खरोखर एकटीच नर्स असते. उत्तर आलं, 'इफ देअर वर वन मोअर नर्स, वन ऑफ अस वुड स्टे विथ द पेशंट.' तिसऱ्या प्रश्नाआधी आत्यानं विचारलं, तुझ्या वॉर्डात गेल्या महिन्यात काही चुकीचं घडलं का? मुलगी म्हणाली, हो, एक आजोबा कॉटवरून पडले. कठडा वर केलेला नव्हता. आत्या म्हणाली, मग सांग.

या वेळी ती बराच वेळ थांबली. मग हळू, पण एकही शब्द न चुकता म्हणाली, 'इफ समवन हॅड पुट अप द साइड रेल, ही वुड नॉट हॅव फॉलन.' आणि पुढे मराठीत, 'बाई, ही गेलेली एसटी. मी तेव्हा ड्यूटीवर नव्हते, पण रोज रात्री कठडा तपासते आता.'

फोन ठेवल्यावर आत्या थोडा वेळ काही बोलली नाही.

आत्या : तू तक्ता काढून टाकणार होतीस.

मी : आता नाही टाकत. पण पहिल्या दिवशी दाखवणारही नाही. महिनाभर मुलं आपापले प्रसंग तिन्ही एसट्यांतून नेऊ देत. मग शेवटच्या दिवशी फळ्यावर तक्ता काढेन आणि म्हणेन, महिनाभर तुम्ही जे बोलत होता, ते हे.

आत्या : आणि मराठी?

मी : पहिल्या दिवशी लागेल. एसटी कुठली हे प्रत्येकानं आधी मराठीत सांगायचं. ते सांगता आलं की मग इंग्रजी.

वाईहून निघताना दामल्यांचं पुस्तक मी पिशवीत घातलं. स्टँडवर पुण्याची गाडी लागलेली होती. आत्या सोडायला आली होती. मागच्या दिवाळीत मला हीच गाडी चुकली होती आणि मी रात्री अकराला घरी पोचले होते. गाडीत चढता चढता मी सवयीनं मराठीत म्हटलं, 'तेव्हा पाच मिनिटं आधी निघाले असते तर...' आणि आत्यानं खालून विचारलं, 'कुठली गं ही?' मी खिडकीतून सांगितलं, 'गेलेली.' ती म्हणाली, 'मग इंग्रजीत सांग.' गाडी सुरू झाली, पण मी वाक्य पुरं केलं आणि तिनं मान हलवली.